इतवारी आणि डॉमिनिक : नामकरणाची समीक्षा

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात नामकरणासारख्या घरगुती विषयाला जागा कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे असे की, नाव ही प्रत्येक कुटुंबाची एका शब्दाची साहित्यकृतीच होय. ज्या घरात आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, त्या घरातही बाळाच्या आगमनापूर्वी शब्द निवडले जातात, त्यांचा नाद तपासला जातो, अर्थाचा कीस पाडला जातो आणि नाव जाहीर होताच आप्तेष्टांची टीकाही झेलावी लागते. पुढे ते नाव सत्तर-ऐंशी वर्षे हाकेत, शाळेच्या हजेरीपटात, लग्नपत्रिकेत आणि अखेर कबरीवरील क्रुसावर वाचले जाते. इतका काळ वाचल्या जाणाऱ्या लेखनाची समीक्षा का होऊ नये?

समीक्षेची गरज वाटण्यास आणखी एक कारण आहे. आमच्या धर्मग्रामांत नावावरून रुसवेफुगवे होतात. आजीला ‘अ‍ॅग्नेस’ हवे असते, सुनेला ‘निर्मला’ आवडते, मुलाच्या मनात तिसरेच काही असते आणि या ओढाताणीत बाळाचा स्नानसंस्कार महिनोन्‌महिने लांबतो. वास्तविक जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला स्नानसंस्कार द्यावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा आईबापांना सांगतो. नाव ठरले तरी प्रश्न संपतो असे नाही. नाव अपरिचित असले की मंदिराच्या पायऱ्यांवरच कुजबुज सुरू होते. ते देशी असेल तर ‘हे काय ख्रिस्ती नाव झाले?’ आणि परदेशी असेल तर ‘एवढे साहेबी नाव कशाला?’ असे विचारले जाते. दोन्ही बाजूंचे बोल ऐकावे लागतात ते त्या तान्ह्या जीवाच्या आईला.

हा अनुभव नवा नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात तो आला आहे. जखऱ्या आणि एलिझाबेथ यांना उतारवयात पुत्र झाला. आठव्या दिवशी शेजारीपाजारी व नातलग जमले आणि बापाचेच नाव मुलाला द्यायचे असे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकले. आईने ‘योहान’ हे नाव सांगताच, तुमच्या गणगोतात या नावाचे कोणीही नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. आईचा शब्द पुरेसा न वाटल्याने त्यांनी मुक्या झालेल्या बापाला खुणा करून विचारले. त्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले, तेव्हा ते थक्क झाले. हा प्रसंग आपण योहानाच्या जन्मदिनी, २४ जूनला, दर वर्षी ऐकतो. परंतु आक्षेप घेणाऱ्या त्या शेजाऱ्यांच्या जागी आपण स्वतः उभे आहोत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. ते शेजारी दुष्ट नव्हते. परंपरेचा धागा तुटू नये, एवढीच त्यांची काळजी होती. मात्र ओळखीचे तेवढेच योग्य, असा त्यांनी धरलेला निकष चुकीचा होता.

हा निकष तपासून पाहायला इतवारीसारखे दुसरे ठिकाण नाही. या नागपूर नगरीत इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशी वारांची नावे वस्त्यांना आणि बाजारांना मिळाली आहेत. इतवारीच्या सराफ्यात बारशाचे वाळे घेणाऱ्याला किंवा किराणा ओळीत भाव करणाऱ्याला आपण ‘रविवार’ या शब्दात उभे आहोत असे वाटतही नसेल. ‘इतवार’ म्हणजे आदित्यवार. छत्तीसगडपासून पूर्व विदर्भापर्यंत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. इतवारी, सोमारू, मंगलू, बुधराम, शनिचरी ही त्याच चालीची नावे. आता एखाद्या ख्रिस्ती दांपत्याने रविवारी जन्मलेल्या मुलाचे नाव ‘इतवारी’ ठेवायचे म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांच्या कपाळावर आठ्या उमटणार नाहीत? आणि त्यानेच ‘डॉमिनिक’ हे नाव सांगितले, तर सारे समाधानाने मान डोलावतील.

आता या दोन नावांचा अर्थ पाहावा. ‘डॉमिनिक’ हे लॅटिन ‘डोमिनिकुस’वरून आले. त्याचा अर्थ ‘प्रभूचा’. प्रभूचा दिवस म्हणजे रविवार, म्हणून रविवारी जन्मलेल्या मुलाला हे नाव देण्याची युरोपात चाल होती. पोर्तुगीजांचा ‘दोमिंगो’ म्हणजे रविवार आणि ‘दोमिंगोस’ हे नाव त्याच मुळाचे. ग्रीक भाषेत ‘किरियाकोस’ या शब्दाचा अर्थही ‘प्रभूचा’ असाच आहे. केरळातील आपले बांधव त्याचा उच्चार ‘कुरियाकोस’ असा करतात, आणि त्या नावाचे कुरियाकोस एलियास चावरा हे २०१४ साली संत म्हणून घोषित झाले. म्हणजे रोममध्ये डॉमिनिक, केरळात कुरियाकोस आणि आमच्या बाजारात इतवारी! अर्थात एक भेद आहे, तो समीक्षकाने लपवू नये. इतवार हा सूर्याचा दिवस, डोमिनिकुस हा प्रभूचा. परंतु सूर्याच्या दिवसाला प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस करण्याचे कार्य ख्रिस्तसभेने पहिल्या शतकांतच केले. गोव्यातील कॅथलिक माणूस मिस्साला जातो तो ‘आयतारा’ला, आणि तोही शब्द आदित्यवाराचाच. तेव्हा दिवस ख्रिस्ताचा होऊ शकला, तर त्या दिवसाचे नाव धारण करणारे मूल ख्रिस्ताचे होण्यास कोणती आडकाठी?

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांची नावे वाचली म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडते. पौलाची सहकारी फीबी हिचे नाव आर्तेमिस देवतेच्या उपाधीचे. त्याचा सोबती एपफ्रदीत याच्या नावात आफ्रोदिती बसलेली. अपुल्लोसाच्या नावात अपोलो. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या शेवटी ज्यांना सलाम सांगितला आहे त्यांत एकाचे नाव चक्क हर्मेस. यांपैकी कोणालाही पौलाने नाव बदलण्यास सांगितल्याचे दिसत नाही. पुढे तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप दिओनिसियुस लिहितात की, श्रद्धावंतांच्या मुलांत पेत्र आणि पौल ही नावे पुष्कळ आढळतात. गंमत अशी की हे लिहिणाऱ्या बिशपांचे स्वतःचे नाव मद्यदेव दिओनिसॉस याच्यावरून आलेले! संतांची नावे प्रथम आली ती प्रेमापोटी, कायद्यामुळे नव्हे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कायदा त्यानंतर बऱ्याच शतकांनी आला. ट्रेंट परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या रोमन धर्मशिक्षणग्रंथाने संताचे नाव ठेवण्याचा आग्रह धरला. १९१७च्या धर्मसंहितेने तर धर्मगुरूवर जबाबदारीच टाकली. आईबाप ऐकत नसतील, तर त्याने त्यांच्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि नोंदवहीत दोन्ही लिहावीत. आपल्याकडील ‘घरचे नाव’ आणि ‘चर्चचे नाव’ या द्वैताला या नियमाने बळ दिले. घरी शकुंतला, नोंदवहीत सिसिलिया. घरी प्रभाकर, नोंदवहीत पीटर. यात एक सोय होती, हे नाकारता येत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की, मुलाला हाक मारण्याचे नाव एक आणि देवापुढचे नाव दुसरे, अशी फाळणी मनात रुजली. जणू सिसिलिया मिस्साला जाई आणि शकुंतला स्वयंपाक करी!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ही दृष्टी पालटली. १९८३च्या धर्मसंहितेत संताच्या नावाची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाऊ नये, याची दक्षता आईबाप, धर्ममातापिता आणि धर्मगुरू या सर्वांनी घ्यावी, एवढेच तेथे म्हटले आहे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार नाव संताचे असावे किंवा एखादे ख्रिस्ती रहस्य अथवा सद्गुण सांगणारे असले तरी चालेल. ‘परके’ हा शब्द येथे भाषेला लावलेला नाही, भावनेला लावलेला आहे. हा फरक ज्याला कळला, त्याचे अर्धे भांडण मिटले असे समजावे.

हे कळायला आपल्या मराठी मुलखातील माणसांनाही वेळ लागला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांना ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले, पण महाराष्ट्राने त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखले. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या नावातील एकही अक्षर बदलले नाही. ही तिघेही आपल्या प्रोटेस्टंट बांधवांपैकी. परंतु सुमारे पन्नास वर्षांच्या अवधीतील ही तीन उत्तरे आपल्यालाही अभ्यासण्याजोगी आहेत. ‘नारायण’ हे नाव धारण करणाऱ्या या कवीची भजने आज महाराष्ट्रभर मंदिरांतून गाइली जातात. त्या नावाने त्यांच्या ख्रिस्तभक्तीला कोठे उणेपणा आणला?

कॅथलिक परंपरेत आणखी एक मार्ग दिसतो, आणि आम्हांला तो विशेष मोलाचा वाटतो. तो म्हणजे नावाच्या अनुवादाचा. बंगालचे भवानीचरण बंदोपाध्याय यांनी १८९१ साली स्नानसंस्कार घेतला तेव्हा त्यांना ‘थिओफिलस’, म्हणजे देवाचा मित्र, हे नाव मिळाले. पुढे संन्यास घेताना त्यांनी ‘ब्रह्मबांधव’ असे नाव घेतले. १८९९ साली नर्मदाकाठी जबलपूरला कॅथलिक मठ स्थापण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा नागपूरच्या तत्कालीन बिशपांनी त्याला अनुकूलता दाखविली होती. तो मठ टिकला नाही, परंतु नावातून त्यांनी जे दाखविले ते टिकले. त्यांच्याही आधी, १७४५ साली, त्रावणकोरच्या नीलकंठ पिल्लै यांनी स्नानसंस्कारात ‘लाझर’ हे नाव तमिळ वेषात घेतले : देवसहायम्. लाझर म्हणजे ज्याला देवाने साहाय्य केले तो. श्रद्धेपायी १७५२ साली त्यांना ठार मारण्यात आले आणि १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आता ‘देवसहाय’ हे नाव ख्रिस्ती आहे की नाही, असे कोणी विचारू शकेल काय?

या दृष्टीने पाहू लागले की आजीची ‘अ‍ॅग्नेस’ आणि सुनेची ‘निर्मला’ एकमेकींना भेटतात, कारण ग्रीक शब्द ‘हाग्ने’ म्हणजे निर्मळ. लूसी म्हणजे ज्योती. आयरीन म्हणजे शांती. मार्गारेट म्हणजे मोती, आपली मुक्ता. फेलिक्स म्हणजे आनंद, व्हिक्टर म्हणजे विजय, थिओडोर म्हणजे देवदत्त. निर्मला म्हणून हाक मारावी आणि २१ जानेवारीला संत अ‍ॅग्नेसचा सण करावा. यात तडजोड नाही. दोन भाषांत एकच अर्थ आहे.

आता दुसरी बाजू. परदेशी वाटते म्हणून नाव ख्रिस्ती ठरते, हा समज तेवढाच तपासून घेण्यासारखा आहे. ‘जेसिका’ हे नाव आज आपल्या घरांतून पुष्कळ दिसते. ते या रूपात प्रथम आढळते ते शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात. ‘व्हेनेसा’ हे नाव इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी एका परिचित स्त्रीच्या नावाची अक्षरे जुळवून रचले. ‘पामेला’ ही सोळाव्या शतकातील सर फिलिप सिडनी यांच्या कथेतील राजकन्या. ही नावे वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. साहित्यातून आलेल्या नावांना साहित्याच्या त्रैमासिकाने नावे ठेवू नयेत! पण ‘ज्योती’ला नाक मुरडून ‘व्हेनेसा’ला मान देणाऱ्याने आपण श्रद्धेची बाजू घेत आहोत, असा आव मात्र आणू नये.

बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तिकांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. त्यांत अकारविल्हे हजारो नावे आणि पुढे एकेका शब्दाचा अर्थ असतो. पुष्कळदा तो अर्थही चुकतो. आज लोकप्रिय असलेल्या ‘आरव’ या नावापुढे ‘शांत’ असा अर्थ छापलेला आढळतो. संस्कृतात ‘आरव’ म्हणजे आवाज, ओरडा. नि:शब्द तो ‘अरव’. एका मात्रेने अर्थ नेमका उलटा झाला! तान्हे बाळ रात्रभर रडत असेल तर मूळ अर्थच खरा म्हणावा लागेल. पण अर्थाच्या चुकीपेक्षा मोठी उणीव अशी की, या पुस्तिकेतील नावामागे माणूस नसतो. संताच्या नावामागे एक जीवन असते. संत गोन्सालो गार्सिया हे नाव घेतले की वसईचा एक तरुण आणि १५९७ सालचे नागासाकी येथील क्रूस डोळ्यांपुढे येतात. मुलाने ‘माझे नाव असे का?’ असे विचारले, तर सांगायला गोष्ट हवी. आजीचा आग्रह येथे अगदी योग्य असतो, आणि तरुण आईबापांनी तिच्याकडे हट्टी म्हातारी म्हणून पाहू नये.

राशीचे आद्याक्षर किंवा अंकशास्त्राप्रमाणे स्पेलिंगमध्ये घातलेले जादा अक्षर यांविषयी आम्ही कठोर आहोत. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम यांना असाच एक प्रकार आढळला. लोक अनेक दिवे लावीत, प्रत्येक दिव्याला एक नाव देत आणि जो दिवा सर्वांत जास्त वेळ जळेल त्याचे नाव बाळाला ठेवीत, म्हणजे बाळ दीर्घायुषी होईल! त्यांनी याचा कडक निषेध केला. दिवा किती वेळ जळतो हे तेलावर ठरते. मुलाचे आयुष्य देवाच्या हाती असते. अंकांच्या हिशेबालाही हेच उत्तर लागू पडते.

एक कारण मात्र उपहासाने उडवून लावता येत नाही. काही आईबाप आम्हांला हळूच सांगतात की, नावावरून धर्म ओळखू येऊ नये असे त्यांना वाटते. भाड्याचे घर पाहताना, नोकरीच्या मुलाखतीत किंवा शाळेत मुलाला वेगळे वागविले जाऊ नये, ही त्यांची काळजी. ही भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. परंतु देशी नाव प्रेमाने घेणे आणि भीतीने घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टिळकांनी ‘नारायण’ राखले ते लपण्यासाठी नव्हे. लपण्यासाठी ठेवलेले नाव मुलाला, न बोलता, लपायला शिकवते. आईबापांनी नाव कोणतेही ठेवावे, पण ते का ठेवले हे मुलाला ताठ मानेने सांगता यावे, एवढी आमची विनंती आहे.

नाव माणसाचे काय करू शकते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू, उकंडा अशी नावे ठेवण्याची जुनी रीत होती. तीत वेडी का होईना, माया होती. पण मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशी’ हे नाव ठेवण्यात कोणती माया? ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा दोनशे ऐंशीहून अधिक मुलींना नवी नावे दिली. आपण नको आहोत, हे ज्या मुलीला दररोजच्या हाकेतून ऐकावे लागले, तिच्या दुःखाला परिमाण नाही. मनुस्मृतीने तर शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे असाच दंडक घातला होता. या नागपूर नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढ्यांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावे वस्त्यावस्त्यांतून ऐकू येऊ लागली. आपल्या या शेजाऱ्यांनी नावातून जो स्वाभिमान कमावला, तो पाहून आपणही शिकावे. देवाने प्रत्येकाला नावानिशी हाक मारली आहे, अशी आपली श्रद्धा. मग ते नाव हिणवण्याचे साधन होऊ देणे हे आपल्या श्रद्धेलाच सोडून आहे. नवजात बाळाच्या नावाला हसणारे पुढे त्याच नावाने शाळेत त्याची टिंगल होण्याची वाट मोकळी करून देत असतात.

तर मग चांगले नाव कोणते? आमचे निकष थोडे आहेत. ज्यांच्यामध्ये मूल वाढणार, त्या आजीला आणि गल्लीतल्या सोबत्यांना ते सहज उच्चारता यावे. त्याचा खरा अर्थ आईबापांना ठाऊक असावा. त्यामागे सांगण्याजोगी गोष्ट असावी, संताची, सद्गुणाची किंवा घरातल्या एखाद्या भल्या माणसाची. आणि त्या नावाची मुलाला कोणत्याही वयात लाज वाटू नये. या कसोट्यांना उतरणारे नाव कोणत्या भाषेतले आहे, हे आम्ही विचारीत नाही.

व्यवहाराची एक सूचनाही येथेच करतो. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते. बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव दाखल करता येते. तेव्हा नाव ठरले नाही म्हणून जन्मनोंद टाळू नये. मात्र महापालिकेतील आणि धर्मग्रामाच्या नोंदवहीतील नाव एकच असावे, अन्यथा पुढे विवाहाच्या वेळी दाखले जुळविताना फार त्रास होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत महाराष्ट्र शासनाने आईचे नाव वडिलांच्या नावाआधी घेण्यास आरंभ केला आहे. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आईचे नाव पूर्वीपासून आहे, याचा आपल्याला आनंद वाटावा. पण त्याबरोबर हेही लक्षात ठेवावे की, एलिझाबेथने नाव सांगितले तेव्हा ते शेजाऱ्यांनी ऐकले नाही.

लहान मुलांच्या स्नानसंस्काराचा १९६९ साली जो विधी सिद्ध झाला, त्यात दाराशीच धर्मगुरू आईबापांना पहिला प्रश्न विचारतो तो बाळाच्या नावाचा. पाणी, तेल, मेणबत्ती, पांढरे वस्त्र हे सारे त्यानंतर. त्या उत्तराची वाट पाहत मंदिरात सगळे नातलग उभे असतात. पुढच्या वेळी त्या दाराशी एखादे अनोळखी नाव कानी पडले, तर वाचकहो, विधी आटोपल्यावर त्या आईजवळ जावे आणि ‘या नावाचा अर्थ काय हो?’ असे आपुलकीने विचारावे. ती सांगेल ते नीट ऐकावे, आणि मग बाळाला त्याच नावाने हाक मारावी.